ग्रासहॉपर स्पॅरोचं शास्त्रीय नाव आणि वर्गीकरण न चुकता कसं लिहायचं

"गवताळ चिमणी, अमोड्रामस सव्हानारम ग्मेलिन १७८८, कुल पॅसरिडी."

अमेरिकेत मुलांकडे राहायला गेलेले आपले पक्षिनिरीक्षक तिथल्या कुरणांत हिंडतात आणि टिपणं पाठवतात. त्यांत या पक्ष्याची नोंद बहुतेक वेळा अशीच असते. एवढ्याशा ओळीत चार चुका आहेत. मराठी नाव नेमक्या एका पक्ष्याचं नाही. वर्ष एकाने चुकलंय. ग्मेलिनच्या नावाभोवती कंस हवा, तो नाही. आणि कुल तर सरळ दुसऱ्याच पक्ष्यांचं आहे. पक्षी मात्र बरोबर ओळखलेला असतो! गुडघाभर गवतात उभं राहून, किड्याच्या किरकिरीसारखा आवाज ऐकून, चपट्या डोक्याचा आणि आखूड शेपटीचा तो पक्षी शोधणं हे खरं अवघड काम. ते नीट पार पडतं आणि घरी टेबलाशी बसून करायचं काम बिघडतं. म्हणून ते काम कोणत्या क्रमाने करायचं, ते इथे सविस्तर लिहितो आहे. उदाहरण ग्रासहॉपर स्पॅरोचंच घेतलं आहे, पण हीच रीत कुठल्याही पक्ष्याला लागू पडते.

## सुरू करण्यापूर्वीची तयारी

शब्द ठरवून घ्या. पहिला घोळ मराठीतच आहे. वर्तमानपत्रं 'प्रजाती' हा शब्द पक्ष्याच्या एका जातीसाठी वापरतात. मराठी पाठ्यपुस्तकांत 'प्रजाती' म्हणजे अनेक जातींचा समूह. त्यामुळे "या प्रजातीत नऊ जाती होत्या" हे वाक्य एकाला कळतं आणि दुसऱ्याला कळत नाही. मी 'प्रजाती' हा शब्दच टाळतो. नावातला पहिला शब्द तो वंश, दोन्ही शब्द मिळून होते ती जाती (त्यातला दुसरा शब्द म्हणजे जातिनाव), तिसरा शब्द आला तर उपजाती. त्यावर कुल, गण, वर्ग. या लेखात सगळीकडे हेच शब्द आहेत. तुम्हाला दुसरे पसंत असतील तर तेही चालतील, पण एका लेखात एकच संच वापरा.

यादी ठरवा. शास्त्रीय नाव "इंटरनेटवर मिळालं" असं म्हणून चालत नाही. ते कोणत्या यादीतलं आणि कोणत्या वर्षीच्या आवृत्तीतलं, हे माहीत हवं. उत्तर व मध्य अमेरिकेतल्या पक्ष्यांसाठी अमेरिकन ऑर्निथॉलॉजिकल सोसायटीची यादी आहे आणि तिची पुरवणी दरवर्षी निघते. जगभरासाठी क्लेमेंट्स यादी (पक्ष्यांच्या नोंदी ठेवणारं 'ईबर्ड' हे संकेतस्थळ हीच वापरतं) आणि आयओसी या पक्षिशास्त्रज्ञांच्या आंतरराष्ट्रीय संघटनेची यादी इतकी वर्षं चालत आल्या. २०२५ साली 'अ‍ॅव्हीलिस्ट' ही एकत्रित जागतिक यादीही प्रसिद्ध झाली. यांपैकी कुठलीही एक घ्या. अर्धं नाव एका यादीतून आणि कुल दुसऱ्या यादीतून असं करू नका.

जवळच्या पुस्तकाचं साल बघा. या पक्ष्याच्या बाबतीत दोन सालं महत्त्वाची आहेत, २०१७ आणि २०१८. पुस्तक त्याआधीचं असेल तर पक्षी ओळखायला ते उत्तम, पण वर्गीकरण त्यातून उतरवू नका.

वहीत सहा रकाने आखा: इंग्रजी नाव, मूळ नाव, नाव देणारा व वर्ष, आजचं नाव, कुल, यादी व तिचं वर्ष. रकाने याच क्रमाने भरायचे. बहुतेक जण सुरुवात कुलापासून करतात, कारण "स्पॅरो म्हणजे चिमणी, चिमणीचं कुल मला ठाऊक आहे" असं वाटतं. कुलाचा रकाना मी मुद्दाम शेवटाकडे ठेवला आहे.

## टप्पा १: आधी इंग्रजी नाव पक्कं करा

ग्रासहॉपर स्पॅरो, ग्रासलँड स्पॅरो आणि सवाना स्पॅरो हे तीन वेगळे पक्षी आहेत. तिघेही गवताळ प्रदेशातले, तिघेही तपकिरी, आणि 'गवताळ चिमणी' हे भाषांतर तिघांनाही चिकटतं.

ग्रासहॉपर स्पॅरो म्हणजे अमोड्रामस सव्हानारम. उत्तर अमेरिकेची कुरणं, कॅरिबियन बेटं, मध्य अमेरिका आणि थेट कोलंबियापर्यंत याच्या उपजाती आहेत.

ग्रासलँड स्पॅरो हा दक्षिण अमेरिकेतला, अमोड्रामस ह्युमेरॅलिस. वंश तोच, जाती वेगळी. न्यू जर्सीत पाहिलेल्या पक्ष्याला 'ग्रासलँड स्पॅरो' म्हटलं, तर वाचणारा तुम्हाला हजारो किलोमीटर दक्षिणेला नेऊन ठेवतो.

सवाना स्पॅरो म्हणजे पॅसरक्युलस सँडविचेन्सिस. सगळ्यांत जास्त माणसं इथे घसरतात, मीही घसरलो आहे. शास्त्रीय नावात 'सव्हानारम' दिसलं की हात आपोआप 'सवाना स्पॅरो' लिहून जातो. पण सव्हानारम आहे ग्रासहॉपर स्पॅरोच्या नावात. सवाना स्पॅरोच्या चालू जातिनावात 'सवाना' कुठेच नाही. त्याचं इंग्रजी नाव जॉर्जिया राज्यातल्या सवाना या शहरावरून आलं, तर 'सव्हानारम'चा अर्थ 'सवाना-कुरणांचा', म्हणजे गवताळ मैदानांचा. सँडविचेन्सिसचीही गंमत बघून ठेवा. हवाई बेटांना पूर्वी सँडविच बेटं म्हणत, म्हणून काही जण हा पक्षी हवाईचा समजतात. प्रत्यक्षात हे नाव अलास्कातल्या उनालास्का बेटाजवळच्या सँडविच खाडीवरून पडलं.

> सावधान: मराठी नाव स्वतः बनवून त्यावरून उलटं शास्त्रीय नाव शोधायला जाऊ नका. या पक्ष्याला रूढ मराठी नाव नाही, तो आपल्याकडचा नाहीच. मी देवनागरीत सरळ 'ग्रासहॉपर स्पॅरो' लिहितो. 'गवताळ चिमणी' ऐकायला गोड आहे, पण त्याने वाचकाला काहीच कळत नाही.

## टप्पा २: मूळ नाव शोधा

प्रत्येक जातीचं एक पहिलं नाव असतं, ती पहिल्यांदा वर्णन करून छापली गेली तेव्हाचं. या पक्ष्याचं ते नाव फ्रिंजिला सव्हानारम. देणारा योहान फ्रीडरिश ग्मेलिन, वर्ष १७८९, पक्षी जमैकाचा. 'फ्रिंजिला' या वंशात त्या काळी जाड चोचीचे असंख्य छोटे पक्षी एकत्र ठेवलेले असत. आपली घरातली चिमणीदेखील लिनियसने १७५८ साली 'फ्रिंजिला डोमेस्टिका' म्हणूनच नोंदवली होती.

मूळ नाव कशाला हवं, असं अनेकांना वाटतं. पुढचे तिसरा, पाचवा आणि सातवा हे टप्पे त्याच्यावरच उभे आहेत. कंस टाकायचा की नाही, जातिनावाचा शेवट बदलायचा की नाही आणि कोणती उपजाती 'मूळ' मानायची, हे सगळं मूळ नाव ठरवतं.

वर्षाची चूक इथे होते. ग्मेलिनने लिनियसच्या 'सिस्टेमा नॅचुरी'ची तेरावी आवृत्ती काढली. तिच्या पहिल्या खंडाचा पहिला भाग १७८८ चा, दुसरा १७८९ चा. ग्रासहॉपर स्पॅरो दुसऱ्या भागात आहे, सवाना स्पॅरोही दुसऱ्याच भागात. पण यांच्याच नात्यातला सॉल्टमार्श स्पॅरो पहिल्या भागात, १७८८ च्या, कारण ग्मेलिनने त्याला 'ओरिओलस' म्हणजे हळद्याच्या वंशात घातलं होतं. पुस्तक एक, लेखक एक, वर्षं दोन. 'ग्मेलिन' दिसलं की '१७८८' लिहून मोकळं व्हायची सवय सोडा, प्रत्येक नावाचं साल स्वतंत्र बघा.

ग्मेलिनही एक नाही. त्याच घराण्यातल्या सॅम्युएल गॉटलीब ग्मेलिननेही पक्ष्यांना नावं दिली आहेत. म्हणून काही याद्या 'जे. एफ. ग्मेलिन' असं लिहितात. तुमच्या यादीत आद्याक्षरं असतील तर ती उतरवा.

अनेक जुनी नावं सापडली तर? सापडतीलच. सर्वसाधारण नियम अग्रक्रमाचा: वैध रीतीने छापलेलं सर्वांत आधीचं नाव टिकतं, फक्त ते १७५८ च्या आधीचं नको. सवाना स्पॅरोवरून हे स्वच्छ दिसतं. अलेक्झांडर विल्सनने १८११ साली त्याला 'फ्रिंजिला सवाना' म्हटलं. नाव सुरेख होतं, पण ग्मेलिनचं सँडविचेन्सिस १७८९ चं, म्हणून ते टिकलं. विल्सनचं 'सवाना' वाया गेलं नाही, आज ते पूर्वेकडच्या एका उपजातीचं नाव आहे.

> तपासा: वहीतल्या दुसऱ्या आणि तिसऱ्या रकान्यात मूळ वंश, मूळ जातिनाव, नाव देणारा आणि वर्ष अशा चारही गोष्टी आल्या का? मूळ वंशाची जागा रिकामी असेल तर पुढे जाऊ नका.

## टप्पा ३: कंस

नियम एका ओळीत मावतो. नाव देणाऱ्याने जाती ज्या वंशात ठेवली होती त्याच वंशात ती आजही असेल तर कंस नाही. वंश बदललेला असेल तर नाव देणारा आणि वर्ष, दोन्ही कंसात. प्राणी नामकरणाच्या आंतरराष्ट्रीय संहितेत हे कलम ५१.३ मध्ये आहे.

ग्मेलिनने फ्रिंजिला म्हटलं, आज वंश अमोड्रामस. म्हणून:

अमोड्रामस सव्हानारम (ग्मेलिन, १७८९)

अनेकांना कंस म्हणजे 'जादा माहिती' वाटते. आपल्या रोजच्या लिहिण्यात कंसाचा तोच अर्थ आहे, त्यामुळे जागा वाचवायला ते कंस काढून टाकतात किंवा शोभेसाठी सगळीकडे घालतात. पण इथे कंस म्हणजे विधान आहे: 'या पक्ष्याचा वंश पुढे बदलला.' तो काढलात तर ग्मेलिनने याला १७८९ सालीच अमोड्रामस म्हटलं होतं, असा अर्थ होतो. हा वंश तर १८२७ साली आला.

वंश कोणी बदलला त्याचं नाव प्राण्यांच्या बाबतीत जोडत नाहीत, वनस्पतींच्या बाबतीत जोडतात. झाडांवर लिहिणारे पक्ष्यांकडे वळले की कंसानंतर आणखी एक नाव शोधत बसतात. इथे ते लागत नाही.

## टप्पा ४: आजचा वंश

या टप्प्यावर मी जरा थांबणार आहे, कारण जुन्या-नव्या पुस्तकांतला सगळा फरक इथला आहे.

जुन्या मार्गदर्शक पुस्तकांत अमोड्रामस वंशात नऊ जाती दिसतात: ग्रासहॉपर, ग्रासलँड, यलो-ब्राउड, बेअर्ड्स, हेन्स्लोज, लेकॉन्ट्स, नेल्सन्स, सॉल्टमार्श आणि सीसाइड स्पॅरो. सगळे गवतात किंवा दलदलीच्या पात्यांत लपणारे, जमिनीवर पळणारे, दिसायला एकमेकांसारखे. २००७ साली क्लिका आणि स्पेलमन यांनी या गवताळ स्पॅरोंच्या डीएनएचा अभ्यास प्रसिद्ध केला आणि हे एक घराणं नाही हे स्पष्ट झालं. बेअर्ड्स आणि हेन्स्लोज हे ग्रासहॉपर स्पॅरोपेक्षा सवाना स्पॅरोला जवळचे निघाले.

आपल्याकडे गावोगाव पाटील असतात. पाटील आडनावाची दोन माणसं भेटली म्हणून ती भाऊबंद ठरत नाहीत. पाटीलकी ज्याच्या त्याच्या गावची, नातं वेगळं. नऊ जातींचं 'अमोड्रामस' हे तसंच झालं होतं. कामावरून पडलेलं एकच आडनाव आणि रक्त वेगवेगळं. वंशाच्या नावाने मात्र रक्ताचंच नातं सांगायला हवं.

म्हणून अमेरिकन ऑर्निथॉलॉजिकल सोसायटीने २०१८ च्या पुरवणीत जुन्या वंशाचे तीन भाग केले:

- अमोड्रामस: ग्रासहॉपर, ग्रासलँड आणि यलो-ब्राउड स्पॅरो.
- सेंट्रोनिक्स: बेअर्ड्स आणि हेन्स्लोज.
- अमोस्पायझा: लेकॉन्ट्स, नेल्सन्स, सॉल्टमार्श आणि सीसाइड.

मग 'अमोड्रामस' हे जुनं नाव नेमकं ग्रासहॉपर स्पॅरोकडेच का राहिलं? जाती तर दुसऱ्या गटात जास्त आहेत. इथे बहुमत चालत नाही. प्रत्येक वंशाची एक नमुना जाती ठरलेली असते आणि वंशाची वाटणी झाली की नाव नमुना जातीसोबत जातं. स्वेन्सनने १८२७ साली अमोड्रामस हा वंश काढला तो 'अमोड्रामस बायमॅक्युलेटस' या पक्ष्यासाठी, आणि तो पक्षी म्हणजे ग्रासहॉपर स्पॅरोच, मेक्सिकोकडची त्याची उपजाती. बाकीच्या दोन गटांसाठी नवी नावं घडवावी लागली नाहीत. बेअर्डने १८५८ साली सेंट्रोनिक्स आणि ओबरहोल्सरने १९०५ साली अमोस्पायझा ही नावं देऊन ठेवलीच होती, ती पुन्हा वापरात आली.

> सावधान: 'कोटर्निक्युलस' हे वंशनाव जुन्या अमेरिकी पुस्तकांत भेटेल, तो हाच पक्षी. दक्षिण अमेरिकेवरच्या जुन्या लिखाणात ग्रासलँड स्पॅरोसाठी 'मायोस्पायझा' दिसेल. दोन्ही आज चालू नाहीत. जुन्या नोंदीचा उल्लेख करताना ती नावं जशीच्या तशी द्या, पुढे आजचं नाव जोडा. जुन्या माणसाची नोंद गुपचूप 'सुधारून' उतरवू नका.

## टप्पा ५: शेवटचं अक्षर जुळतंय का?

वंशनाव हे लॅटिन व्याकरणात नाम असतं आणि त्याला लिंग असतं. जातिनाव जर विशेषण असेल तर ते वंशाच्या लिंगाप्रमाणे बदलतं. मराठी माणसाला हे नवं नाही: काळा घोडा, काळी गाय, काळं वासरू. पण सगळीच विशेषणं बदलत नाहीत: लाल घोडा, लाल गाय. लॅटिनमध्येही दोन्ही प्रकार आहेत.

अमोड्रामस पुल्लिंगी, अमोस्पायझा स्त्रीलिंगी. त्यामुळे २०१८ च्या वाटणीत:

- अमोड्रामस कॉडाक्यूटस झाला अमोस्पायझा कॉडाक्यूटा (सॉल्टमार्श स्पॅरो).
- अमोड्रामस मॅरिटिमस झाला अमोस्पायझा मॅरिटिमा (सीसाइड स्पॅरो).
- लेकॉन्ट्स आणि नेल्सन्स यांची जातिनावं होती तशीच राहिली: लेकॉन्टिआय, नेल्सोनाय.

शेवटची दोन का बदलली नाहीत? ती विशेषणं नाहीत, षष्ठीतली नामं आहेत, 'लेकॉन्टचा', 'नेल्सनचा'. आणि नेमकी इथे मराठी आपल्याला फसवते. आपल्याकडे षष्ठीसुद्धा बदलते: रामाचा घोडा, रामाची गाय. त्यामुळे मराठी मनाला वाटतं की वंश स्त्रीलिंगी झाला तर 'नेल्सनचा'चं 'नेल्सनची' व्हायला हवं. लॅटिनमध्ये तसं होत नाही. शाळेतलं संस्कृत आठवा. 'रामस्य अश्वः', 'रामस्य धेनुः', पुढे काहीही येवो, रामस्य तसंच राहतं. लॅटिन षष्ठी तशी आहे.

आपलं सव्हानारमही षष्ठी बहुवचन आहे, 'वनानाम्' असतं तसं. फ्रिंजिला स्त्रीलिंगी होतं तेव्हाही सव्हानारम, अमोड्रामस पुल्लिंगी आहे तरी सव्हानारम. एका टिपणात मी 'सव्हानारस' वाचलं होतं. लिहिणाऱ्याने नियम अर्धा शिकून मनापासून पाळला होता. त्याच्या कष्टाचं मला कौतुक वाटलं, पण नाव चुकलंच.

घरातल्या चिमणीवर हे पडताळून बघा. फ्रिंजिला डोमेस्टिका (स्त्रीलिंगी) पुढे पॅसर या पुल्लिंगी वंशात गेली आणि झाली पॅसर डोमेस्टिकस. विशेषण होतं, बदललं. वंश बदलला म्हणून लिनियस कंसात: पॅसर डोमेस्टिकस (लिनियस, १७५८). तिसरा आणि पाचवा टप्पा या एका नावात एकत्र दिसतात.

> सावधान: माणसाच्या नावावरून आलेल्या जातिनावाच्या रोमन लेखनात शेवटी एक 'आय' (i) आहे की दोन, हे मूळ लेखनाप्रमाणे राहतं. हेन्स्लोविआय आणि बेअर्डिआय यांच्या शेवटी दोन, नेल्सोनायच्या शेवटी एक. सारखेपणासाठी एक 'आय' उडवू नका किंवा जोडू नका.

इंग्रजी नावांबद्दल एक गोष्ट इथेच सांगतो. माणसांच्या नावांवरून पडलेली पक्ष्यांची इंग्रजी नावं बदलण्याचा निर्णय अमेरिकन ऑर्निथॉलॉजिकल सोसायटीने २०२३ साली जाहीर केला. त्यामुळे उद्या 'हेन्स्लोज स्पॅरो'चं इंग्रजी नाव वेगळं असू शकेल. सेंट्रोनिक्स हेन्स्लोविआय मात्र त्या निर्णयाने बदलत नाही. शास्त्रीय नावं संहितेने चालतात. वहीत शास्त्रीय नावाचा रकाना नीट भरलेला असेल तर इंग्रजी नाव बदललं तरी तुमची नोंद हरवत नाही.

## टप्पा ६: कुल, आणि मग गण

आता कुल लिहा: पॅसरेलिडी.

'पॅसरिडी' नाही. मधला 'एल' (रोमन लिपीत ell) गेला की पक्षी थेट दुसऱ्या घरात जातो. पॅसरिडी हे आपल्या चिमणीचं कुल, मुळात जुन्या जगातलं, म्हणजे युरोप-आशिया-आफ्रिकेतलं. पॅसरेलिडी हे अमेरिका खंडांतल्या स्पॅरोंचं कुल. अमेरिकेत पोचलेल्या युरोपीय लोकांनी तिथल्या तपकिरी पक्ष्यांना आपल्या घरच्या पक्ष्याचं नाव दिलं आणि तेव्हापासून 'स्पॅरो' हा शब्द दोन घरांत वाटला गेला.

लक्षात ठेवायची युक्ती: कुलाचं नाव त्यातल्या एका वंशावरून येतं. पॅसरवरून पॅसरिडी. पॅसरेलावरून पॅसरेलिडी, आणि पॅसरेला म्हणजे अमेरिकेतला फॉक्स स्पॅरो. शेवटचं 'इडी' ही कुलाची खूण, गणाची खूण 'इफॉर्मिस'.

२०१७ पूर्वीच्या अमेरिकी यादीत हे सगळे स्पॅरो एंबेरिझिडी कुलात होते, म्हणजे भारीट पक्ष्यांच्या कुलात. हिवाळ्यात महाराष्ट्रातल्या ज्वारीच्या शेतांवर थव्याने उतरणारा काळ्या डोक्याचा भारीट आजही त्याच कुलात आहे. २०१७ च्या पुरवणीत अमेरिकी स्पॅरो वेगळे काढून पॅसरेलिडीत ठेवले गेले. जुन्या पुस्तकात एंबेरिझिडी दिसलं तर ती त्या लेखकाची चूक नाही, त्या काळची रीत आहे. कुणाला मराठीत तुलना द्यायचीच असेल तर माझ्या मते 'भारिटाच्या नात्यातला' हे 'चिमणीसारखा'पेक्षा सत्याच्या जवळ जातं.

गण पॅसरिफॉर्मिस, वर्ग एव्हीज. इथे कोणी चुकत नाही. पण गण सारखा आहे म्हणून चिमणी आणि हा पक्षी जवळचे, असं म्हणू नका. कावळा आणि बुलबुलही त्याच गणात आहेत.

## टप्पा ७: उपजाती, खात्री असेल तरच

ग्रासहॉपर स्पॅरोच्या १२ उपजाती मानल्या जातात. तिसरं नाव लिहिलं की टिपण वजनदार दिसतं, म्हणून लोक ते लिहितात आणि हमखास एक चूक करतात. नाव दोनदा आलं की तीच 'मुख्य' किंवा 'सर्वसाधारण' उपजाती, असं समजून ते अमेरिकेतल्या पक्ष्याला 'अमोड्रामस सव्हानारम सव्हानारम' म्हणतात. नावाची पुनरुक्ती एवढंच सांगते की जातीचं पहिलं वर्णन या पक्ष्यांवरून झालं. ग्मेलिनचा पक्षी जमैकाचा होता, तेव्हा सव्हानारम सव्हानारम ही जमैकाची उपजाती. अमेरिकेच्या पूर्व भागातली प्रॅटेन्सिस, पश्चिमेकडची परपॅलिडस, आग्नेय ॲरिझोनाकडची अमोलेगस, फ्लोरिडातली फ्लोरिडानस.

कंसाचा नियम उपजातीलाही लागतो. तिथे उपजातीचा मूळ वंश बघायचा. फ्लोरिडानसचं वर्णन मेर्न्सने १९०२ साली कोटर्निक्युलस या वंशात केलं, म्हणून (मेर्न्स, १९०२) कंसात. अमोलेगसचं वर्णन ओबरहोल्सरने १९४२ साली अमोड्रामस याच वंशात केलं, म्हणून ओबरहोल्सर, १९४२ बिनकंसाचं. तिसरं नाव लिहिलंत की शेवटी उपजातीचाच कर्ता येतो, ग्मेलिन नाही.

हा नुसता कागदी बारकावा नाही. फ्लोरिडानस ही उपजाती अमेरिकेने १९८६ साली कायद्याने संकटग्रस्त म्हणून नोंदवली. संपूर्ण जातीला ते संरक्षण नाही. फ्लोरिडात हिवाळ्यात उत्तरेकडचे प्रॅटेन्सिसही येतात. हिवाळ्यात पाहिलेल्या प्रत्येक पक्ष्याला 'फ्लोरिडानस' लिहिलं तर मूठभर उरलेल्या पक्ष्यांचा हिशोब आपणच बिघडवतो.

> तपासा: उपजाती तुम्ही पिसांवरून ओळखली की नकाशावरून अंदाज केला? अंदाज असेल तर दोनच शब्द लिहा. दोन शब्दांचं नाव अपुरं नसतं.

## टप्पा ८: कागदावर उतरवताना

रोमन लिपीत: वंशाचं पहिलं अक्षर मोठं, जाती-उपजातीचं छोटं (देशाच्या किंवा माणसाच्या नावावरून असलं तरी छोटंच), दोन्ही तिरप्या टायपात. नाव देणाऱ्याचं नाव, वर्ष आणि कुल सरळ टायपात. लेखात दुसऱ्यांदा येताना वंशाचं आद्याक्षर आणि टिंब चालतं. मात्र इथे अमोड्रामस आणि अमोस्पायझा दोन्ही एकाच अक्षराने सुरू होतात. दोन्ही वंश एका लेखात असतील तर नाव पूर्णच लिहा.

देवनागरीत मोठं-छोटं अक्षर नाही, त्यामुळे वंश कुठे संपतो हे मोकळ्या जागेवरूनच कळतं. 'अमोड्रामससव्हानारम' असं जोडू नका, मध्ये जोडरेघही नको. उच्चार सव्हानारम लिहा की सवान्नारुम, दोन्हींना माझी हरकत नाही, पण लेखभर एकच ठेवा. छापायच्या लेखात पहिल्या उल्लेखाला रोमन रूप जरूर द्या, कारण शेवटी एक 'आय' की दोन, हे देवनागरीतून नक्की कळत नाही.

वर दिलेली चुकीची ओळ आता अशी होईल:

ग्रासहॉपर स्पॅरो, अमोड्रामस सव्हानारम (ग्मेलिन, १७८९). मूळ नाव फ्रिंजिला सव्हानारम, जमैका. कुल पॅसरेलिडी, गण पॅसरिफॉर्मिस. यादी: अमेरिकन ऑर्निथॉलॉजिकल सोसायटी, आणि पुढे तुम्ही पाहिलेल्या पुरवणीचं वर्ष.

## टप्पा ९: एक नाव स्वतः सोडवून बघा

आपल्याकडची पिवळ्या कंठाची रानचिमणी घ्या. मुंबईच्या सालिम अलींना लहानपणी ज्या पक्ष्याने बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीच्या दारात नेलं, तोच हा पक्षी. मूळ नाव फ्रिंजिला झँथोकॉलिस, बर्टन, १८३८. जुन्या पुस्तकांत पेट्रोनिया झँथोकॉलिस, आज जिम्नोरिस झँथोकॉलिस. कंस येईल का? वंश बदलला आहे, येईल. शेवट बदलेल का? झँथोकॉलिसचं रूप पुल्लिंग-स्त्रीलिंगात एकच, नाही बदलणार. कुल? ही चिमणी जुन्या जगातली आहे, म्हणून पॅसरिडी. इथे मधला 'एल' घालायचा नाही.

वहीतला सहावा रकाना भरायला विसरू नका. मग दरवर्षी तुमच्या यादीची नवी आवृत्ती आली की आधी बदललेले वंश बघा, नंतर बदललेली कुलं, आणि तुमच्या नोंदींपैकी ज्यांना हात लागला असेल त्यांच्यापुढे नवं नाव तारखेसह लिहा. जुनं नाव खोडू नका, त्यावर एक रेघ मारा, वाचता येईल अशी.